पिवळी भुकटी, ऊन आणि सांडपाणी

युरिया झाकण लावलेल्या मुशीत घालून भट्टीत साडेपाचशे अंश सेल्सिअसला दोन-तीन तास ठेवला, की त्यातला बराचसा भाग अमोनिया आणि इतर वायू होऊन उडून जातो आणि तळाशी फिकट पिवळी, कापसासारखी हलकी भुकटी उरते. तिचे नाव ग्राफिटिक कार्बन नायट्राइड. कार्बन आणि नायट्रोजनच्या अणूंची जाळी, आणि अशा जाळ्यांचे थर एकावर एक. 2009मध्ये शिनचेन वांग, मार्कुस अँटोनिएटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर मटेरियल्स' या नियतकालिकात दाखवून दिले, की ही भुकटी पाण्यात मिसळून तिच्यावर डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाश टाकला तर पाण्यातून हायड्रोजन सुटतो. त्यासाठी पाण्यात एक मदतनीस रसायन घालावे लागत होते आणि वायू निघत होता तोही अगदी थोडा; पण धातूंच्या अर्धवाहकांचे काम धातू नसलेला पदार्थ करू शकतो, ही बातमी मोठी होती. तेव्हापासून नायट्रोजन, गंधक, फॉस्फरस, बोरॉन अशी मूलद्रव्ये मिसळलेले, म्हणजे डोपिंग केलेले, कार्बनचे नॅनोपदार्थ हा जगभरच्या प्रयोगशाळांचा आवडता विषय झाला. आपल्याकडच्या महाविद्यालयांतही तो रुजला, आणि त्याचे एक कारण अगदी व्यवहारी आहे: एक भट्टी, एक ऑटोक्लेव्ह, एक दिवा आणि रंगाची तीव्रता मोजणारे यंत्र एवढ्यावर काम सुरू करता येते.

या पदार्थाचा नेमका उपयोग काय, हा प्रश्न विचारायला पिंपरी-चिंचवडमधल्या ताथवड्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. गावात डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाची जैवतंत्रज्ञान संस्था आहे, राजर्षी शाहू अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. एका अंगाला हिंजवडीचे आयटी पार्क, दुसऱ्या अंगाला पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकणपर्यंत पसरलेले कारखाने. जवळच रावेतच्या बंधाऱ्यावरून शहरासाठी पवना नदीचे पाणी उचलले जाते आणि खाली तीच नदी शहराचे वापरलेले पाणी पोटात घेत दापोडीजवळ मुळेला मिळते. 'सूर्यप्रकाशाने सांडपाणी शुद्ध करणारी भुकटी' ही बातमी अशा ठिकाणी कोणालाही मोहात पाडेल. माझे म्हणणे असे, की ही भुकटी नदी शुद्ध करणार नाही, शहराचे सांडपाणीही नाही. तिची खरी जागा फार लहान आहे: जैविक प्रक्रियेला दाद न देणारी, पाण्यात अगदी थोड्या प्रमाणात उरलेली चिवट रसायने शेवटच्या टप्प्यावर मोडणे. आणि त्या लहान जागेसाठीसुद्धा तिची परीक्षा आज जशी घेतली जाते तशी घेऊन चालणार नाही.

आधी ती काम कशी करते ते पाहू. अर्धवाहकात इलेक्ट्रॉन खालच्या ऊर्जापट्ट्यात असतात आणि वरचा पट्टा रिकामा असतो. दोहोंमध्ये ऊर्जेची एक फट असते. या फटीएवढी किंवा तिच्याहून जास्त ऊर्जा असलेला प्रकाशकण पडला, की इलेक्ट्रॉन वर उडी घेतो आणि खाली त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, उरते. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला चिकटला तर सुपरऑक्साइड तयार होतो. होल शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेते, म्हणजे त्याचे ऑक्सिडीकरण करते. अशा हल्ल्यांनी मोठा सेंद्रिय रेणू तुकड्या-तुकड्यांनी मोडतो आणि सगळे नीट पार पडले तर शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरते. भुकटी स्वतः खर्च होत नाही, म्हणून ती उत्प्रेरक. 1972मध्ये अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन दाखवले, तेव्हापासून या क्षेत्राला वेग आला. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच हा पदार्थ. स्वस्त, टिकाऊ, निरुपद्रवी. पण त्याची फट 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्टची आहे, म्हणजे साधारण 388 नॅनोमीटरहून आखूड लहरींचे अतिनील किरणच त्याला चालतात. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अशा किरणांचा वाटा चार-पाच टक्के. बाकीचे ऊन वाया.

कार्बन नायट्राइडची फट 2.7 इलेक्ट्रॉन व्होल्ट. त्यामुळे ते 460 नॅनोमीटरपर्यंतचा, म्हणजे निळा प्रकाशही शोषते; पिवळे दिसते ते म्हणूनच. आकड्यांत फरक किरकोळ वाटतो, पण त्या फरकाने वापरता येणाऱ्या प्रकाशकणांची संख्या तीन-चार पट होते. मग काळाकुट्ट कार्बन का नको, तो तर सगळाच प्रकाश शोषतो, असे कोणी विचारेल. शोषणे आणि वापरणे या दोन गोष्टी आहेत. ग्रॅफाइट किंवा शुद्ध ग्राफीनमध्ये फटच नाही. वर गेलेला इलेक्ट्रॉन क्षणार्धाच्याही अगदी लहान अंशात खाली येतो आणि प्रकाशाची नुसती उष्णता होते, उन्हात ठेवलेल्या तव्यासारखी. रासायनिक काम व्हायचे तर इलेक्ट्रॉनला वर थोडा वेळ थांबावे लागते. तो थांबा निर्माण करणे आणि त्याची उंची हवी तशी जुळवणे, हे डोपिंगचे काम.

कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात, नायट्रोजनच्या पाच, बोरॉनच्या तीन. कार्बनच्या जाळीत एका कार्बनच्या जागी नायट्रोजन बसला की एक इलेक्ट्रॉन जास्तीचा येतो. शिवाय नायट्रोजन इलेक्ट्रॉनांना स्वतःकडे अधिक ओढतो, त्यामुळे शेजारचे कार्बन अणू किंचित धनभारित होतात आणि ऑक्सिजनचा रेणू तिथे सहज टेकतो. हा नायट्रोजन जाळीच्या मधोमध आहे, की कडेच्या षट्कोनात, की पंचकोनात, यावरही वागणूक बदलते. कार्बन नायट्राइडमध्ये नायट्रोजन मुळातच भरपूर, तिथे गंधक, फॉस्फरस, बोरॉन, ऑक्सिजन किंवा पोटॅशियम घालून फट थोडी अरुंद करतात किंवा इलेक्ट्रॉन आणि होल यांना एकमेकांपासून दूर ठेवतात. कारण खरा शत्रू तोच: बहुसंख्य जोड्या काही काम करण्याआधीच पुन्हा एकत्र येऊन विझतात. डोपिंग जितके जास्त तितके चांगले, असेही नाही. एका मर्यादेपलीकडे परके अणू हेच विझण्याचे अड्डे बनतात, म्हणून बहुतेक शोधनिबंधांत मध्येच कुठेतरी शिखर असलेला आलेख दिसतो. दुसरा प्रकार कार्बन डॉट्सचा, दहा नॅनोमीटरहूनही लहान कणांचा. 2004मध्ये अमेरिकेत कार्बनच्या नॅनोनळ्यांच्या शुद्धीकरणात ते योगायोगाने सापडले. सायट्रिक आम्ल आणि युरिया यांचे द्रावण बंद भांड्यात तापवून नायट्रोजनयुक्त कार्बन डॉट्स मिळतात. लिंबाच्या रसापासून, कोथिंबिरीपासूनही ते करून झाले आहेत. आता स्वयंपाकघरातले काय उरले आहे ते शोधावे लागेल.

ही चेष्टा माझी एकट्याची नाही. 2020मध्ये मार्टिन पुमेरा आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ग्राफीनमध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा मिसळून भाजली आणि त्यातून तयार झालेला पदार्थ साध्या ग्राफीनपेक्षा चांगला विद्युत-उत्प्रेरक निघाल्याचा निबंध 'एसीएस नॅनो'त छापला. विष्ठेत नायट्रोजन, फॉस्फरस, गंधक सगळेच असते. कार्बनमध्ये काहीही घातले तरी आकडे थोडे सुधारतातच, मग प्रत्येक नव्या मिश्रणाला शोध म्हणायचे का, असा त्यांचा सवाल होता. दुसरी शंका याहून गंभीर आहे. ग्राफीन ऑक्साइड बहुधा गंधकाम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट वापरून बनवतात, कार्बनच्या नळ्या लोह-निकेलच्या कणांवर वाढवतात. या धातूंचे अंश मागे राहतात, आणि 'धातुविरहित' म्हणून मिरवणाऱ्या उत्प्रेरकाचे श्रेय कधी कधी त्या अंशांचे असते. डोपिंगचा सिद्धांत यामुळे खोटा ठरत नाही. पण कोणता अणू कुठे बसला आणि काम नेमके कोणी केले हे न तपासता केलेला दावा मात्र अर्धाच राहतो.

हा अर्धेपणा सर्वांत जास्त दिसतो तो परीक्षेच्या पद्धतीत. नेहमीचा प्रयोग असा: बीकरमध्ये मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचे द्रावण, त्यात चिमूटभर भुकटी, खाली चुंबकीय ढवळणी, वर दिवा. दर दहा मिनिटांनी थोडे द्रावण काढून निळेपणा मोजायचा. तासाभरात रंग नव्वद-पंच्याण्णव टक्के उतरला की पदार्थ उत्तम. या प्रयोगात फसगतीच्या निदान तीन जागा आहेत. कार्बनचे पदार्थ रंग नुसता शोषून घेण्यात पटाईत असतात; अंधारात पुरेसा वेळ ढवळून घेतले नाही, तर शोषलेला रंगही मोडलेल्या रंगाच्या खात्यात जमा होतो. दुसरे म्हणजे मिथिलीन ब्लू स्वतःच प्रकाश शोषतो आणि आपला इलेक्ट्रॉन भुकटीला देऊन स्वतः मोडतो. तिथे उत्प्रेरकाला प्रकाश झेपला की नाही हे कळतच नाही, आणि रंगहीन औषधाच्या रेणूवर हीच भुकटी निकामी ठरू शकते. तिसरी बाब सगळ्यांत महत्त्वाची. रंग गेला म्हणजे रेणू संपला असे नाही. रंग देणारा एक बंध तुटला की पाणी नितळ दिसते, तुकडे मात्र तिथेच असतात, आणि काही वेळा मूळ रेणूपेक्षा जास्त विषारी. म्हणून पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन किती घटला हे मोजणे ही खरी कसोटी. ज्या निबंधात ती मोजणी नाही, त्यातला 'पंच्याण्णव टक्के' हा आकडा मी रंगाचा आकडा म्हणून वाचतो, शुद्धीचा म्हणून नाही.

आता बीकर सोडून जमिनीवर येऊ. पुढचा हिशोब ढोबळ आहे, पण निर्णयाला पुरेसा. समजा रोज दहा लाख लिटर पाणी या पद्धतीने शुद्ध करायचे आहे आणि प्रक्रियेला दोन तास लागतात. कामाचे ऊन दिवसाला सहा तास धरले, तर एका वेळी साधारण 3,33,000 लिटर पाणी उन्हात पसरलेले हवे. भुकटी मिसळलेल्या गढूळ पाण्यात प्रकाश काही सेंटिमीटरच शिरतो. खोली पाच सेंटिमीटर धरली तर सुमारे 6,670 चौरस मीटर, म्हणजे 66 गुंठे, दीड एकराच्या वर जागा लागते. लिटरला एक ग्रॅम या प्रयोगशाळेतल्या प्रमाणाने भुकटी तीनशे तेहतीस किलो. आणि दहा लाख लिटर म्हणजे पिंपरी-चिंचवडसारख्या शहराच्या सांडपाण्याच्या हिशोबात किरकोळ रक्कम. ताथवड्यात गुंठ्याचा भाव विचारून पाहावा. उरलेला युक्तिवाद करावा लागणार नाही. पण हेच गणित रोजच्या दहा हजार लिटरला लावले तर जागा 67 चौरस मीटर, म्हणजे जेमतेम सातशे चौरस फूट. एवढे छप्पर लहानशा कारखान्यालाही असते.

दुसरा हिशोब प्रकाशकणांचा, आणि तो मला अधिक बोलका वाटतो. 67 चौरस मीटरवर पूर्ण उन्हाच्या सहा तासांत कार्बन नायट्राइडला वापरता येतील असे साधारण साडेसहाशे मोल प्रकाशकण पडतात. दहा हजार लिटर पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम सेंद्रिय कार्बन असेल तर तो पूर्ण जाळायला सव्वातीन मोल इलेक्ट्रॉनांची देवघेव लागते. म्हणजे दोनशेतला एक प्रकाशकण सत्कारणी लागला तरी भागले. आता तेच पाणी कच्चे सांडपाणी आहे आणि त्यात कार्बन लिटरला शंभर मिलिग्रॅम आहे असे धरा: दोनांपैकी एक प्रकाशकण कामी यावा लागेल. सांडपाण्यात एवढे काम करणारा पदार्थ या कुळात माझ्या माहितीत नाही. 2009च्या मूळ कार्बन नायट्राइडची क्षमता, प्लॅटिनमची जोड देऊनही, हजारात एक प्रकाशकण एवढीच होती. नंतर ती पुष्कळ वाढली, पण ती मदतनीस रसायन घातलेल्या पाण्यातून हायड्रोजन काढताना, घाण मोडताना नव्हे. जपानमध्ये काझुनारी डोमेन यांच्या गटाने शंभर चौरस मीटरचे फलक उन्हात मांडून पाण्यापासून हायड्रोजन मिळवला आणि 2021मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. तिथे, वेगळ्या आणि अत्यंत घोटलेल्या पदार्थावर, सूर्याच्या ऊर्जेचे इंधनात जास्तीत जास्त 0.76 टक्के रूपांतर झाले. त्यामुळे ढोबळ घाण जिवाणूंनी खावी, ते हे काम रात्रंदिवस आणि जवळपास फुकट करतात. प्रकाशाने फक्त जिवाणूंनी सोडलेले उष्टे उचलावे.

हे उष्टे पिंपरी-चिंचवडमध्ये आहे का? कोणत्याही मोठ्या शहराच्या सांडपाण्यात ते असतेच. अपस्मारावर दिले जाणारे कार्बामाझेपिन नेहमीच्या जैविक प्रक्रियेतून जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते; डायक्लोफेनॅकही पुरते निघत नाही. प्रतिजैविकांचे अंश उरले तर औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंची पैदास होते, आणि ज्या पिंपरीत 1954मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहून देशाच्या पेनिसिलिनची सोय झाली, तिथल्या वाचकाला या धोक्याचे मोल वेगळे सांगायला नको. रुग्णालयाचे किंवा औषधनिर्मितीचे थोडे पण चिवट पाणी हे या भुकटीचे योग्य गिऱ्हाईक. इथे एक रासायनिक खोच आहे. कार्बन नायट्राइडमधले होल टायटॅनियम डायऑक्साइडच्या होलएवढे जोरकस नसते. पाण्यापासून थेट हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे सेंद्रिय रेणूंवर तुटून पडणारा अतिक्रियाशील कण, बनवण्याची त्याची ताकद नाही. तो मारेकरी सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या आडवाटेने थोडाबहुत तयार होतो. त्यामुळे काही रेणू ते झपाट्याने मोडते आणि काहींकडे ढुंकूनही पाहत नाही. कोणते मोडते हे त्या-त्या रेणूवर करून पाहावे लागते, निळ्या रंगावरून अंदाज बांधता येत नाही.

कार्बनच्या पुरस्कर्त्यांना आवडणार नाही असे एक उदाहरण द्यायलाच हवे. भोसरी-चाकण पट्ट्यात क्रोम प्लेटिंगची कामे पुष्कळ, आणि सहा संयुजेचे विषारी क्रोमियम तीन संयुजेचे करण्यासाठी हे प्रकाश-उत्प्रेरक छान चालतात असे कितीतरी निबंध सांगतात. चालतातही. पण सोडियम मेटाबायसल्फाइट आम्लयुक्त पाण्यात टाकले तर तेच काम काही मिनिटांत, पावसाळ्यात आणि रात्रपाळीतही होते. मग चुना टाकून क्रोमियम गाळात बसवता येते. सहा संयुजेच्या क्रोमियमची लिटरला 0.1 मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा या जुन्या रीतीने गाठता येते. इथे नवी भुकटी वापरणे म्हणजे संशोधनाची हौस. फार तर क्रोमियम आणि फिनॉल एकाच पाण्यात असतील तर विचार करावा, कारण तिथे इलेक्ट्रॉन क्रोमियमला मिळतो, होल फिनॉलला, आणि दोघेही विझण्यापासून वाचतात.

आक्षेप यावर संपत नाहीत. नॅनोकण पाण्याबरोबर नदीत गेले तर एक घाण काढून दुसरी सोडल्यासारखे होईल, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. भुकटी मोकळी न सोडता काचेच्या मण्यांवर, पत्र्यावर किंवा सच्छिद्र विटेवर पक्की बसवावी लागेल. तसे केल्यावर तिचा वेग बराच घटतो, आणि तो घटलेला वेगच खरा मानला पाहिजे. जमिनीच्या पाण्यातले बायकार्बोनेट आणि क्लोराइड रॅडिकल गिळून टाकतात, म्हणून डिस्टिल्ड वॉटरमधले निकाल बोअरवेलच्या पाण्यात टिकत नाहीत. जून ते सप्टेंबर मावळच्या तोंडाशी असलेल्या या भागात ऊन विसरावेच लागते. तेव्हा निळे एलईडी दिवे लावता येतात, पण मग विजेचे बिल ओझोनच्या यंत्राशी आणि ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या टाकीशी ताडून पाहावे लागेल. कार्बनची टाकी रेणू मोडत नाही, नुसती धरून ठेवते, भरली की तिची विल्हेवाट लावायची डोकेदुखी उरते. एवढा एक मुद्दा प्रकाशाच्या बाजूने. कच्च्या मालाचा खर्च नगण्य आहे हे खरे, मात्र शेतकऱ्यांच्या अनुदानाचा युरिया कारखान्यात वळू नये म्हणून 2015मध्ये त्याला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला. भट्टीत जायचा तो औद्योगिक दर्जाचा, पूर्ण किमतीचा युरिया. तरीही प्लॅटिनमच्या तुलनेत तो स्वस्तच.

सगळ्यांत अवघड आक्षेप रसायनशास्त्राबाहेरचा आहे: हे करायला कोणी कारखानदार पैसे का घालेल? जानेवारी 2020मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला होता; 2021मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा गाळलेल्या होत्या. जे मोजण्याची सक्ती नाही ते काढून टाकण्याची यंत्रणा विकत घेतली जात नाही. म्हणून या विषयात मोजमापाची सवय आधी लागली पाहिजे, आणि ती महाविद्यालये लावू शकतात.

पुण्याला याची पार्श्वभूमी आहे. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950पासून उभी आहे, जवळच सी-मेट ही पदार्थसंशोधन संस्था आहे; तिथले तेव्हाचे शास्त्रज्ञ भारत काळे आणि त्यांच्या कोरियातल्या सहकाऱ्यांनी 2006मध्ये झेंडूच्या फुलासारख्या रचनेचा, दृश्य प्रकाशावर चालणारा सल्फाइडचा उत्प्रेरक प्रसिद्ध केला होता. ताथवड्यातल्या संस्थांना यांच्याशी स्पर्धा करत आणखी एक नवे डोपिंग शोधण्याची गरज नाही. त्यांच्याजवळ पाषाणला नाही अशी गोष्ट आहे: शेजारी कारखाने, रुग्णालये आणि पवना. बी.टेक. किंवा एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला प्रकल्प देणाऱ्या प्राध्यापकांना विनंती एवढीच, की मिथिलीन ब्लूची बाटली कपाटात ठेवावी. एखाद्या रुग्णालयाच्या सांडपाणी प्रकल्पातून बाहेर पडणारे खरे पाणी घ्यावे, त्यात कार्बामाझेपिनसारखा एखादा रंगहीन रेणू मोजावा, अंधारातली आणि भुकटीविना अशी दोन्ही तुलनात्मक मोजमापे द्यावीत, एकूण सेंद्रिय कार्बनचा आकडा छापावा आणि तीच बसवलेली भुकटी वीस वेळा वापरून पाहावी. निकाल वाईट आला तरी छापावा. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग पंच्याण्णव टक्के उतरलेल्या निळ्या रंगापेक्षा जास्त होईल.